गुलाबदाणीला लागलेली हळद

आमच्या घरात कूलर नाही. चंडीगडला राहून कूलर नाही म्हटल्यावर लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग मनातल्या मनात माझ्या बायकोचं पद आठवतात. एवढी मोठी अधिकारी आणि नवऱ्याला उकाड्यात ठेवते! खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच मे महिन्यात त्यांचा जुना कूलर वर पाठवायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, तर मी खरं ते सांगितलं, की कूलरच्या ओल्या हवेने आमची काच आजारी पडेल. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि तेव्हापासून त्या माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात.

पण काच खरोखरच आजारी पडते. मी सांगलीच्या एका ज्युनियर कॉलेजात इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, काचेच्या नळ्या-चंबूंमध्येच आयुष्य गेलं, तरी मलाही हे इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. जुनी काच बनवताना खार जास्त आणि चुना कमी पडला असेल, तर ती हवेतलं पाणी ओढून घेते. मग आतला खार वर येतो, काच बुळबुळीत होते, तिला चक्क घाम फुटतो. हवा कोरडी झाली की वरचा थर आक्रसतो आणि काचेच्या अंगात केसाएवढ्या भेगांचं जाळं पडतं. ते एकदा पडलं की पडलं. औषध काहीच नाही, फक्त आजूबाजूची हवा बारा महिने एकसारखी ठेवायची. आणि हे करायचं कुठे, तर जिथे मे महिन्यात भाजणारी लू वाहते, जुलैत अंगाला कपडे चिकटतात आणि जानेवारीत धुक्यात समोरचं झाड दिसत नाही, अशा गावात.

काच माझी नाही, सासऱ्यांची. ते एका सरकारी कंपनीत बदलीच्या नोकरीत होते. त्यांच्याबरोबरचे लोक बदलीच्या गावाहून पितळी भांडी आणायचे, साड्या आणायचे, कुणी लोणची. सासऱ्यांनी काच आणली. अत्तराच्या कुप्या, हुक्क्याची निळी बैठक, फुलं कोंडलेले पेपरवेट, छताला टांगायच्या हंड्या, गोटीवाल्या सोड्याच्या बाटल्या. त्या सगळ्यांत त्यांच्या जिवाची म्हणजे एक गुलाबदाणी. फिकट हिरवी, लांब मानेची, ओठाला सोन्याची रेघ. लग्न झाल्यावरच्या पहिल्या बदलीच्या गावी त्यांनी ती सासूबाईंसाठी घेतली होती. आमच्या लग्नात मांडवाच्या दारात माझ्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं ते तिच्यातूनच. तेव्हा मला ती चांगलीच वाटली होती.

सासूबाई गेल्या आणि त्याच सुमारास बायकोची चंडीगडला बदली झाली. सासरे पुण्याला एकटे राहणार कसे, म्हणून तेही आमच्याबरोबर निघाले आणि त्यांच्याबरोबर काच निघाली. मी बिनपगारी रजा टाकली होती. वर्षभर राहू, सगळ्यांची घडी बसवून देऊ आणि परत जाऊ, असा माझा बेत. पुण्याचं घर आवरताना मी सहज एक कुपी उचलली. प्रयोगशाळेच्या सवयीने एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला, मानेला स्पर्श नाही. सासरे बघत होते. म्हणाले, सगळी काच जावईबापूच बांधतील. मी बांधली. ट्रक पुण्याहून चंडीगडला पोचला आणि एक टवकाही उडाला नाही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दोन-चार वस्तू वाटेत फुटल्या असत्या तर आज मी सांगलीत असतो.

तुम्ही विचाराल, मुलगी आहे ना घरात? मुलीने लहानपणी एक पेपरवेट फरशीवर टाकला होता. तेव्हापासून तिला बंदी आहे. आज तिच्या सहीने केवढाल्या फायली हलतात, पण वडिलांच्या कपाटाला ती हात लावू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं दुःखही नाही. कामवाल्या बाईंना त्या खोलीत प्रवेश नाही. सासऱ्यांचे स्वतःचे हात थरथरतात आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. राहिलो मी.

त्या खोलीच्या भिंतीवर एक घड्याळासारखी तबकडी आहे, हवेतली ओल दाखवणारी. आमचं घर त्या काट्यावर चालतं. काटा वर सरकला की स्वयंपाकघराचं दार बंद, कारण कुकरची वाफ. गिझरचं पाणी काढताना न्हाणीघराचं दार बंद. धुणं घरात वाळत घालायचं नाही. काटा खाली गेला की पाण्याचं पातेलं ठेवायचं, पण काचेपासून लांब. खिडक्या उघडायच्या नाहीतच. चंडीगडमध्ये राहून मी बाहेरच्या झाडांची पानगळ काचेतून बघतो. प्लायवुडच्या कपाटाची हवासुद्धा काचेला बाधते म्हणून लोखंडी कपाट केलं, त्याला जाळीची भोकं पाडून घेतली. आजारी वस्तूंना बॅटरीत घालायच्या पाण्याने, तेही कोमट करून, अंघोळ घालायची आणि मऊ मलमलीने टिपायचं, पुसायचं नाही. हे पाणी मी इथल्या मनीमाजरा भागातल्या बाजारातून कॅन भरून आणतो. दुकानदाराला वाटतं माझा इन्व्हर्टरचा धंदा आहे. मीही त्याचा गैरसमज दूर केलेला नाही, तेवढीच इज्जत.

सासरे दिवसभर त्या खोलीत खुर्चीवर बसून असत. मी चार पावलं दाराबाहेर गेलो की आतून हाक यायची, "जावईबापू, काटा बघता का जरा?" काटा जागेवरच असायचा. मी भाजीला गेलो तरी त्यांना सांगून जायचो आणि आल्यावर आधी त्यांच्याकडे हजेरी. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात, सासऱ्याच्या कुंडलीला लागलेला. आमच्याकडे पत्रिका उलटी मांडली होती. रात्री पाठ टेकली की मला माझ्या प्रयोगशाळेचा वास आठवायचा, मुलांचा गोंगाट आठवायचा. मी चिडायचो. बायको दमून आलेली असायची. ती म्हणायची, तू एकदा बाबांशी स्पष्ट बोल. बोलायचं मी ठरवायचो, आणि सकाळी परत मलमल धुवायला घ्यायचो.

बायकोची इथली मुदत वाढली तशी मी रजा वाढवली. पुन्हा वाढवायला गेलो तेव्हा प्राचार्यांचा फोन आला. आमचे जुने स्नेहीच ते. म्हणाले, आता माझ्या हातात काही नाही, दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडेल त्या दिवशी हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. फोन ठेवला आणि मला एकदम हलकं वाटलं. कुणीतरी दाराची कडी बाहेरून काढल्यासारखं.

मग मी बोललो. सासऱ्यांसमोर बसलो आणि सांगितलं, बाबा, मला जावं लागेल. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा एक पुतण्या नागपूरला आहे, हौशी माणूस, त्याने काचेसाठी बंगल्यात वेगळी खोली करायची तयारी दाखवली होती. काच त्याच्याकडे पाठवली तर ती सांभाळली जाईल आणि मीही मोकळा होईन, असं मी त्यांना नीट समजावलं. बायकोनेही री ओढली. सासऱ्यांनी एकदा कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, दसरा होऊ दे, दसऱ्याला पुतण्याला फोन करून हो म्हणतो. चांगल्या दिवशी चांगलं काम. मी त्या रात्री बांधाबांधीसाठी कापूस आणि खोकी किती लागतील याचा विचार करत झोपलो, आणि कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

खंडेनवमी उजाडली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. सासूबाई होत्या तेव्हा त्या विळी, कात्री, शिलाईचं यंत्र यांच्याबरोबर काचेच्या कपाटाच्या दारालाही हळदीकुंकवाचं बोट लावायच्या. दाराला, आतल्या काचेला नाही. मी पाटावर माझी हत्यारं मांडली: भिंतीवरची तबकडी, उंटाच्या केसांचा ब्रश, भिंग, मलमलीच्या घड्या. बायकोने तिचा लॅपटॉप आणून ठेवला. हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल, गूळखोबऱ्याचा नैवेद्य. मला गंमत वाटत होती, कारण माझ्या हिशेबी ती त्या हत्यारांची निरोपाची पूजा होती.

नंतर मी सोनं आणायला बाहेर पडलो. इकडे आपटा मिळत नाही. इथली मराठी माणसं कांचनाची पानं तोडतात, तशीच मधोमध दुभंगलेली असतात, आणि इथल्या रस्त्यांच्या कडेने कांचनाला तोटा नाही. ती दुसऱ्या दिवसासाठी आदल्या दिवशीच आणून ठेवतो. बायको केस धुवायला न्हाणीघरात गेली होती. मी मुद्दाम लांबचा रस्ता धरला, पानं खुडत रमतगमत फिरलो. सुटणाऱ्या माणसाची चाल असते तशी माझी चाल होती.

परत आलो तर काचेच्या खोलीत हळदीचा वास. सासरे खुर्चीवर बसलेले, डोळे मिटलेले, शांत. कपाट उघडं होतं. आत प्रत्येक वस्तूला ओल्या हळदीचं बोट लागलेलं. कुपीला, हंडीला, बाटलीला, सगळ्यांना. सासूबाईंची आठवण आली असेल, त्या असत्या तर काय करत्या ते आपण करावं असं वाटलं असेल, पण दार कुठलं आणि आतली काच कुठली हा भेद त्या सकाळी त्यांच्यापाशी राहिला नव्हता. ज्या माणसाने आम्हाला श्वास कपाटाच्या बाहेर सोडायला शिकवलं, त्यानेच हे केलं होतं.

बहुतेक वस्तूंवर हळद पिवळीच होती. गुलाबदाणीवर ती लाल झाली होती.

कुंकू करताना हळदीत चुना किंवा पापडखार घालतात, कारण खार लागला की हळद लाल होते. हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना हळदीचा कागद देऊन दाखवत असे. गुलाबदाणीच्या अंगातून खार पाझरत होता आणि हळदीला तो भेटला. लाली नुसती वर नव्हती, भेगाभेगांतून आत उतरली होती. डोळे तारवटावे तशी तिची मान दिसत होती. मी लगेच कोमट पाणी घेतलं, टिपून बघितलं. बाकीच्यांची हळद निघाली, हिची भेगांतली नाही. उन्हात ठेवलं की हळदीचा डाग उडतो हे कुठलीही बाई सांगेल, पण या काचेला ऊन म्हणजे मरण. स्पिरिट लावावं तर सोन्याची रेघ जाईल. मी तिला हातात धरून उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला रडू आलं. इतके दिवस जिला शिव्या घातल्या तिच्यासाठी आलं, याचं मलाच नवल वाटलं.

दुपारी सासऱ्यांनी भिंग मागितलं. रोज एकदा ते एकेक वस्तू भिंगातून बघायचे. गुलाबदाणीपाशी आले आणि थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हिला हळद कुणी लावली?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. सकाळ त्यांच्या डोक्यातून पुसून गेली होती. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं ते मी झाकून ठेवत नाही. मनात आलं, की आळ स्वतःवर घेतला तर सुटका पक्की. उद्या दसऱ्याला यांचं मन फिरेल, पुतण्याला फोन करायचा राहील, सगळं शक्य आहे. पण ज्याने गुलाबदाणी घालवली त्याच्या हाती सासरे काच ठेवतील का? मुलीला एका पेपरवेटसाठी आयुष्यभर बंदी घालणारा माणूस. सुंठीवाचून खोकला जाईल.

"माझ्या हातून झालं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. संध्याकाळी जेवले नाहीत. बायकोने मला खोलीबाहेर गाठून विचारलं, काय झालं म्हणून. मी तिलाही तेच सांगितलं, की माझ्या हातून गुलाबदाणीला हळद लागली. न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा बाबा बेसिनपाशी उभे होते आणि त्यांची बोटं पिवळी होती, एवढंच ती म्हणाली. तिला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला होता. तिचे डोळे भरले होते आणि माझी मान वर होईना, कारण ते कशामुळे भरलेत हे मला कळत होतं. तिला वाटलं, मी बाबांना सांभाळून घेतलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही सोनं वाटलं. मी पाया पडलो, सासऱ्यांच्या हातात कांचनाची पानं ठेवली. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या नखांच्या कडांना अजून पिवळं होतं, ते त्यांनी मला दाखवलं.

"ही माझीच हळद आहे," ते म्हणाले. "काल रात्री हात धुताना बघितलं. मला अजूनही आठवत नाही, पण बोटं खोटं कशाला सांगतील? तुम्ही माझ्यावरचं तुमच्यावर घेतलंत. पोटचा मुलगा असता तर त्यानेही घेतलं नसतं."

मी तोंड उघडलं. खरं सांगायला वाक्य तयार होतं, की बाबा, मी तुमच्यासाठी खोटं बोललो नाही, मला इथून सुटायचं होतं म्हणून बोललो. ते बाहेर आलं नाही.

ते पुढे म्हणाले, "नागपूरला फोन करत नाही मी. त्याच्याकडे खोली आहे, पण काचेमागे मीही तिकडे जाणारच, आणि माझ्या हातून उद्या याहून भलतं काही झालं तर तो जगभर सांगेल. तुम्ही सांगणार नाही. काच आता तुमची, आणि जमलं तर मीसुद्धा."

काच गेली खड्ड्यात. त्यांनी स्वतःला माझ्या स्वाधीन केलं होतं, आणि तेही मी लावलेल्या सापळ्यात मीच अडकल्यावर. मला त्यांचा राग आला, माझा आला, प्राचार्यांचा आला, कुणाकुणाचा आला. मी गच्चीवर गेलो. गावभर रावण जळत होते, फटाक्यांचा धूर येत होता, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल तर काचेच्या खोलीची खिडकी नीट लावली आहे ना.

बायको मागोमाग वर आली. तिला मी सगळं खरं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती कठड्याला टेकली आणि म्हणाली, "तू जा सांगलीला. बाबांना खरं सांग आणि जा. मी माणूस ठेवीन, काय व्हायचं ते होईल काचेचं. मी नाही अडवणार तुला."

तिने मनापासून सांगितलं होतं. मी त्याच पावली खाली उतरलो. आता सांगायचंच, असं पाठ करत खोलीच्या दारापर्यंत गेलो.

सासरे कपाटासमोर बसले होते. कपाट उघडं होतं. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते, सगळं वजन त्यांच्यावर देऊन, हात चुकून बाहेर निघू नयेत म्हणून. मान पुढे काढून ते गुलाबदाणीकडे बघत होते. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. कपाट कसं उघडलं कळलं नाही. तुम्हीच लावा. मी हात काढत नाही."

मी कपाट लावलं. मग त्यांचे हात सोडवले. दाबून दाबून ते पांढरे पडले होते, बोटांना मुंग्या आल्या होत्या, आणि मी ते चोळत राहिलो.

दिवाळीच्या आत मी प्राचार्यांना राजीनामा पाठवला. त्यांनी फोन करून एकदा विचारलं, पुन्हा विचारलं, मग तब्येतीची काळजी घ्या म्हणाले. खिडक्या बंदच असतात. काटा वर जातो, खाली येतो, मी दारं लावतो, उघडतो. अजून कधीकधी त्या खोलीत माझा जीव इतका घुसमटतो, की सगळं कपाट रस्त्यावर ढकलून द्यावंसं वाटतं. सासरे हल्ली बरंच विसरतात. बायकोचं नाव कधीकधी विसरतात. ती दसऱ्याची गोष्ट मात्र विसरत नाहीत, येईल त्या माणसाला सांगतात, की आमच्या जावयांनी माझ्यासाठी आळ स्वतःवर घेतला आणि माझ्यासाठीच नोकरी सोडून राहिले. पहिलं खोटं आहे. दुसरं खरं आहे, आणि ते ऐकताना दर वेळी मला तिथून उठून जावंसं वाटतं, पण त्यांचा हात माझ्या हातात असतो.